हिशोबाची फाईल उघडेना

५०३ खजिनदार काकू, सकाळी ८:१२
सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीच्या वार्षिक हिशोबाला उशीर होतोय याची मला कल्पना आहे. दोष माझा नाही, माझ्या नव्या लॅपटॉपचा आहे. घेऊन तीन आठवडे झाले. ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, विंडोज ११. जुना कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता, विंडोज १० वर चालायचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि ११ त्या कॉम्प्युटरवर चढत नव्हतं, म्हणून नवा आणला. तर जुन्यावर हिशोबाची फाईल १५ सेकंदांत उघडायची. नव्यावर कधी ४० सेकंद, कधी सव्वा मिनिट. घड्याळ लावून मोजलंय. यातलं कोणाला कळतं का?

२०४ काका
व्हायरस. फॉरमॅट मारा.

५०३ खजिनदार काकू
तीन आठवड्यांत व्हायरस? मी हिशोबाशिवाय काहीच करत नाही हो त्याच्यावर.

२०४ काका
(व्हॉइस मेसेज, २ मिनिटं ४ सेकंद)

सचिव
काका, लिहा ना प्लीज. मी मीटिंगमध्ये आहे.

२०४ काका
थोडक्यात, फॉरमॅट.

१०१ आजोबा
डेस्कटॉपवर राईट क्लिक करायचं आणि पाच-सहा वेळा रिफ्रेश मारायचं. मी रोज मारतो. मशीन हलकं होतं.

६०१ ताई
आजोबा, त्याने फक्त स्क्रीनवरची चित्रं पुन्हा काढली जातात 🙂 मेमरी वगैरे काही मोकळी होत नाही.

१०१ आजोबा
मला तरी बरं वाटतं.

४०३
*अनेक वेळा फॉरवर्ड केलेला मेसेज*
कॉम्प्युटर रॉकेटसारखा पळवा! रजिस्ट्री साफ करणारं हे अ‍ॅप आजच टाका...

३०२ दादा
कृपा करून हे कोणी टाकू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची वही, ती साफ केल्याने वेग वाढत नाही, उलट नको ते उडवलं गेलं तर विंडोज सुरू व्हायची मारामार. रजिस्ट्री क्लीनर वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.
आणि काकू, फॉरमॅट तर बिलकुल नको. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आधीपासूनच एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असते. त्या कुलपाची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, हाताशी नसताना कोणी उलटंसुलटं केलं तर हिशोब जन्मात परत मिळायचा नाही. मी आयटी सपोर्टला काम करतो, असे रडवेले फोन रोज घेतो.

५०३ खजिनदार काकू
बापरे. मग करू काय?

३०२ दादा
आधी काहीच करू नका, फक्त बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप तिन्ही एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क असे टक्के दिसतात, ते सांगा. मग डावीकडे परफॉर्मन्स म्हणून आहे, तिथे सीपीयूवर क्लिक केलं की खाली ‘अप टाइम’ दिसेल. तोही हवा.

५०३ खजिनदार काकू, सकाळी ९:०५
सीपीयू १८. मेमरी ८१. डिस्क ६. अप टाइम ९:०४:२२:१०. हे काय, नऊ तास?

३०२ दादा
नऊ दिवस, चार तास, बावीस मिनिटं, दहा सेकंद. एवढा वेळ तो पूर्ण बंद झालेलाच नाही.

५०३ खजिनदार काकू
शक्य नाही. मी रोज रात्री शट डाऊन करते, दिवा विझेपर्यंत उभी राहते.

३०२ दादा
करत असणारच, खोटं नाही म्हणत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आला. त्यात तुम्ही शट डाऊन म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून आणला जातो. सुरू पटकन होतं, पण आतला जुना गुंता तसाच राहतो. रिस्टार्ट केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. म्हणजे नाव ‘शट डाऊन’ पण झोप अर्धीच, आणि ‘रिस्टार्ट’ म्हणजे खरी अंघोळ करून येणं.

६०१ ताई
शिफ्ट दाबून ठेवून शट डाऊन केलं तर पूर्ण बंद होतं. हे फार जणांना माहीत नसतं.

२०४ काका
म्हणजे बंद करूनही बंद होत नाही. धन्य आहे.

३०२ दादा
आता टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ बघा. एनेबल्ड लिहिलेले किती आहेत?

५०३ खजिनदार काकू
१४. यातले अकरा मी टाकलेलेच नाहीत. आणि अँटिव्हायरस दोन दिसतायत. एक लॅपटॉपबरोबर आलेला, रोज ‘मुदत संपत आली’ म्हणून खिडकी उघडतो. दुसरा मी टाकला.

३०२ दादा
दुसरा का टाकलात?

५०३ खजिनदार काकू
२०४ ने सांगितलं होतं. लिफ्टमध्ये.

२०४ काका
सुरक्षेसाठी सांगितलं.

३०२ दादा
काका, गेटवर एक वॉचमन असताना दुसरा ठेवला आणि दोघांनीही येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उपसायची ठरवली, तर रांग रस्त्यापर्यंत जाईल. इथे तेच झालंय. फाईल उघडली की एक तपासतो, मग दुसरा तपासतो, आणि अधूनमधून ते एकमेकांनाच तपासतात. काकू, दोन्ही काढून टाका. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होतो, घरच्या कामाला तो पुरतो. स्टार्टअपमध्ये ओळखीचं आणि गरजेचं तेवढं ठेवा, बाकी डिसेबल. डिसेबल म्हणजे काढून टाकणं नव्हे, आपण होऊन सुरू व्हायचं नाही एवढंच. मग रिस्टार्ट.

६०१ ताई
ध्वनी आणि टचपॅडवाले तेवढे राहू द्या हं काकू.

सचिव
मीटिंग संपली. ८७ मेसेज?? पाणी गेलंय की काय?

५०३ खजिनदार काकू, सकाळी ११:४०
केलं. बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंत आधी २ मिनिटं १० सेकंद, आता ४८ सेकंद. हिशोबाची फाईल १८ सेकंद. ३०२, देव तुझं भलं करो.

३०२ दादा
🙏 नवा लॅपटॉप पहिले काही दिवस तसाही आतून कामात असतो. अपडेट उतरवतो, सगळ्या फायलींची शोधासाठी यादी करतो, जुने फोटो टाकले असतील तर ते वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यात, चढवत बसतो. पण तीन आठवडे म्हणजे जास्तच झालं होतं.

१०१ आजोबा
रिफ्रेशही मारत चला.

— दुसरा दिवस —

५०३ खजिनदार काकू, संध्याकाळी ७:४३
परत तेच. फाईलला १ मिनिट २० सेकंद. मधे एक अक्षर टाईप केलं की दोन श्वासांनी उमटतं. रिस्टार्ट तीनदा केला, पूर्ण अंघोळ घातली त्याला.

२०४ काका
मी काय म्हणालो होतो?

सचिव
काका, नको.

३०२ दादा
मेमरी, डिस्क किती?

५०३ खजिनदार काकू
मेमरी ५८. डिस्क २. सीपीयू २१, आणि त्याच्या वर जातच नाही. म्हणजे कामही करत नाही आणि मला करूही देत नाही.

६०१ ताई
काकू, तुमच्याकडे वेळा लिहिलेल्या असतील ना? सगळ्या टाकाल?

५०३ खजिनदार काकू
वहीचा फोटो टाकते.
(फोटो)

६०१ ताई
वाचलं. सोमवार सकाळ ४०, सोमवार संध्याकाळ ७५, मंगळवार सकाळ ३८, मंगळवार संध्याकाळ ७८. बुधवारी दोन्ही वेळा ४०. कालच्या साफसफाईनंतर १८, आणि आता ८०. दादा, हे स्टार्टअपचं प्रकरण नाहीये. संध्याकाळी काहीतरी वेगळं होतंय.

३०२ दादा
खरंय. मी काल ‘कधी ४०, कधी सव्वा मिनिट’ वाचलं आणि ‘कधी’वर विचारच केला नाही. माझं चुकलं. काकू, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली ‘स्पीड’ लिहिलंय. आकडा काय आहे? आणि बाजूला ‘बेस स्पीड’, म्हणजे ठरलेला मूळ वेग.

५०३ खजिनदार काकू
बेस १.८० गिगाहर्ट्झ. स्पीड ०.३९. दशांश चिन्ह चुकलंय बहुतेक.

३०२ दादा
चुकलेलं नाही. ०.३९ च आहे. तो चालतच नाहीये, रांगतोय. म्हणून टक्केही २१ वर अडकलेत. बेस स्पीडच्या हिशोबाने तो आत्ता एक पंचमांशच आहे, यापेक्षा वर जाणार कुठून.

५०३ खजिनदार काकू
मग बिघडलेला दिला मला?

३०२ दादा
थांबा. प्रोसेसर तापला तरी वेग कमी करतो. खालून गरम लागतोय का? पंख्याचा आवाज?

५०३ खजिनदार काकू
थंडगार आहे. पंखा गप्प.

६०१ ताई
काकू, आत्ता कुठे बसलाय तुम्ही? आणि चार्जिंगला लावलाय का?

५०३ खजिनदार काकू
बाहेरच्या खोलीत. लावलाय ना. संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते.

६०१ ताई
सकाळी कुठे बसता?

५०३ खजिनदार काकू
आतल्या खोलीत, टेबलाशी. त्याचा चार्जर तिथेच असतो, टेबलामागे खोचलेला, कोण वाकून काढणार. बाहेर मोबाईलचा लावते. पिन तीच आहे, बसते बरोब्बर. बुधवारी दिवसभर आतच होते.

३०२ दादा
अरे देवा.

६०१ ताई
काकू, स्पीडचा आकडा डोळ्यांसमोर ठेवा आणि पिन काढा.

५०३ खजिनदार काकू, रात्री ८:०६
काढली. ०.३९... ०.३९... १.७२... २.९४. पंखा सुरू झाला. मी पुन्हा लावून पाहिली, दोन-तीन सेकंदांत ०.३९. पुन्हा काढली, २.८८. चार वेळा केलं. चारही वेळा तेच.

सचिव
म्हणजे चार्जर लावल्यावर स्लो? उलटं नाही का हे?

३०२ दादा
यूएसबी-सी ची पिन एक, पण ताकद वेगवेगळी. चार्जरवर बारीक अक्षरांत वॅट लिहिलेले असतात. काकू, तुमच्या दोन्हीवर काय आहे वाचा बरं.

५०३ खजिनदार काकू
भिंग आणलं. लॅपटॉपचा ६५ वॅट. मोबाईलचा १८.

३०२ दादा
झालं. पिन लावली की चार्जर आणि लॅपटॉप आपसात बोलतात, ‘मी एवढे वॅट देऊ शकतो’. लॅपटॉपला कळलं की समोरचा १८ च देतोय, तर काही मॉडेल बॅटरीतून उरलेली वीज घेतात आणि काही थेट प्रोसेसरला दाबून बसवतात. तुमचा दुसऱ्या जातीचा. सगळेच असं करत नाहीत, त्यामुळे माझ्याही डोक्यात आलं नाही. कोपऱ्यात ‘स्लो चार्जर’ अशी काही सूचना यायची का?

५०३ खजिनदार काकू
यायची. मला वाटलं चार्ज हळू होईल एवढंच. चार्ज हळू झाला तर माझं काय बिघडतं, म्हणून मी ती फुली मारून घालवायचे. रोज.

६०१ ताई
सूचना तशीच लिहिलेली असते हो. काम हळू होईल असं कुठे म्हणते ती.

१०१ आजोबा
माझ्या फोनला मी लॅपटॉपचा चार्जर लावतो. फुटेल का?

३०२ दादा
नाही आजोबा, उलट चालतं. मोठा चार्जर फोन मागेल तेवढंच देतो. चांगल्यापैकी चार्जर असला म्हणजे झालं.

२०४ काका, रात्री ८:३१
३०२, आता विषय निघालाच आहे तर. माझा डेस्कटॉपही सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो. मोबाईलचा चार्जर लावत नाही मी त्याला. डिस्क १०० टक्के दाखवतो.

३०२ दादा
परफॉर्मन्समध्ये डिस्कच्या बाजूला एसएसडी लिहिलंय की एचडीडी?

२०४ काका
एचडीडी. १ टीबी. भरपूर जागा आहे.

३०२ दादा
जागा आहे, पाय नाहीत. त्यात खरोखरची तबकडी फिरते. मिनिटाला ५४०० फेऱ्यांची धरली तर सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, त्याआधी सुई सरकायला वेळ वेगळा. हिशोब केला तर सेकंदाला ५०-७० ठिकाणं वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली ठिकठिकाणहून मागतं. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे सेकंदाला हजारोंनी ठिकाणं वाचली जातात. रॅम वाढवून, साफसफाई करून यात फारसा फरक पडणार नाही. डिस्क बदला, विंडोज तिच्यावर टाका, जुनी डिस्क फोटो ठेवायला वापरा.

२०४ काका
मी दर महिन्याला डीफ्रॅग करतो.

३०२ दादा
विखुरलेले फायलींचे तुकडे त्याने एका जागी येतात, एचडीडीला थोडा उपयोग होतो त्याचा, करा. फक्त पुढे एसएसडी बसवलीत की बाहेरचं डीफ्रॅग अ‍ॅप चालवू नका. तिला फायद्याचं नाही, उगाच झिजते. विंडोज स्वतः तिची वेगळी काळजी घेतं.

२०४ काका
म्हणजे फॉरमॅट नाही.

६०१ ताई
काका 😄

५०३ खजिनदार काकू, रात्री ९:१५
टेबल ओढून चार्जर काढला, बाहेर आणला. फाईल ११ सेकंदांत उघडली. वहीत लिहिलं. उघडल्याबरोबर पहिल्याच पानावर २०४ ची दोन महिन्यांची बाकी दिसली, इतके दिवस पान तिथवर पोचतच नव्हतं. काका, उद्या सकाळी घरी आहात ना?

२०४ काका
(हा मेसेज डिलीट केला आहे)