मदत हवी आहे: लॅबमधला ओव्हन सेट टेंपरेचरच्या वर जातोय

नमस्कार मंडळी, आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधला हॉट एअर ओव्हन १०५ डिग्रीला सेट केला तरी परवा आतला थर्मामीटर १६० दाखवत होता आणि हीटरचा दिवा काही बंद होईना, शेवटी भिंतीवरचा मेन स्विचच बंद केला. इलेक्ट्रिशियन म्हणतो रिलेचे (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट चिकटलेत, नवीन टाकला की झालं. मला ते पटत नाहीये, कारण तो परत चिकटला तर कंट्रोलरने कितीही ऑफ केलं तरी हीटरच्या कॉइलला करंट जातच राहणार ना? एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक रिले) टाकावा तर तोही खराब होताना बहुतेक वेळा शॉर्टच होतो, म्हणजे हीटर चालूच राहतो.

म्हणून वेगळ्या सेन्सरवर चालणारा, कॉन्टॅक्टर (मेन सप्लाय तोडणारा मोठा रिले) पाडणारा, हाताने रिसेट करायचा कटऑफ बसवावा म्हणतोय. कोणी जुन्या ओव्हनला असा बसवलाय का? सेन्सर नेमका कुठे लावला, किती डिग्रीवर ठेवला? थर्मल फ्यूजही (जास्त तापला की कायमचा तुटणारा) सोबत लागेल का?

मुलं भांडी ॲसिटोनने धुवून ओलीच आत ठेवायची, ते आधी बंद केलंय, त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेते आणि यात तर उघडी कॉइल आहे. सध्या प्लग काढून ठेवलाय, पण प्रॅक्टिकल्स तोंडावर आलीत, कृपया लवकर सांगा.