पस्तीस दिवसांचे पिल्लू घरी आणू नये

लहान पिल्लू लवकर लळा लावते, म्हणून ३५ दिवसांचे लॅब्रॅडॉर आताच न्या असे ब्रीडर सांगत असल्याचे आपण लिहिले आहे, कृपया थांबावे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. चावा किती जोरात घ्यावा हे पिल्लू भावंडांशी झोंबताना शिकते, आणि ते शिक्षण आपल्याला नंतर घरी तितक्या सहज देता येत नाही.

ब्रीडरच्या जागी जाऊन पिल्लाची आई अवश्य पाहावी. आमच्या वेळी एकाने कोल्हापूरच्या कावळा नाक्यावर टोपलीतूनच पिल्लू आणून दिले होते. चौथ्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा आतड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार, निघाला आणि ते वाचले नाही. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती नव्हे. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतच पशुवैद्यकाकडे न्यावे, आणि लसी पूर्ण होईपर्यंत कितीही मोह झाला तरी रंकाळा तलावाकाठी जमिनीवर सोडू नये. येताना आईच्या अंगावर घासलेला टॉवेल मात्र मागून आणावा. आमचे दुसरे पिल्लू पहिल्या रात्री त्यात नाक खुपसूनच झोपले.