विषय: कोल्हापूरच्या भाच्यासाठी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. तिचा मुलगा 26 महिन्यांचा आहे. हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आपलं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो. उंबऱ्याशी चपला ओळीत लावत बसतो. एक हलली की आकांत. ऑटिझम (स्वमग्नता) असेल का, अशी शंका येते. सासूबाई म्हणतात, "त्याचा बाबासुद्धा चौथ्या वर्षी बोलला." इथे परदेशात तीन वर्षांच्या आतल्या मुलांना अर्ली इंटरव्हेन्शन (लहान वयातच सुरू होणारी थेरपी) मिळतं, म्हणून त्यांना सहा महिने इकडे बोलवावं असं मनात आहे. कुणाला अनुभव आहे का?

--------

उत्तर: कोल्हापूरच्या भाच्यासाठी सल्ला हवा आहे

दादा,

माझं मत विचाराल तर बोलवू नका. सहा महिन्यांनी तो परत मंगळवार पेठेतच जाणार. त्याची भाषा, आजी, अंगण सगळं तिथं. जे करायचं ते तिथं आणि आत्ताच सुरू होऊ दे.

माझी मुलगी दोन वर्षांची होती तेव्हा आम्हीही कोल्हापुरातच, राजारामपुरीत राहायचो. एका डॉक्टरांनी सांगितलं, चार वर्षांची होईपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. ती दोन वर्षं मला अजून टोचतात, म्हणून एवढं लिहितेय.

आधी कानांची तपासणी, 'बेरा' करून घ्या. मग बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट ही ऑटिझमची प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. 20 प्रश्न असतात, 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी. ती नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. पण निदानाचा कागद हातात येईपर्यंत स्पीच (बोलण्याची) आणि ऑक्युपेशनल (रोजच्या कामांची) थेरपी अडवून ठेवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013 पासून आहे) जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप (अर्ली इंटरव्हेन्शन) केंद्राची तरतूद आहे. सीपीआरमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी रुग्णालयात, जाऊन चौकशी करायला सांगा. अपंगत्व प्रमाणपत्र, निरामय विमा (सरकारी आरोग्य विमा) ही कामं नंतर सावकाश होतील.

खरं काम मात्र घरात होतं. थेरपिस्ट आठवड्यातून दोन-तीन तास भेटणार, आई दिवसभर असते. गोवा आणि रावळपिंडीत झालेल्या एका अभ्यासात (2016) साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत 12 भेटी देऊन ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना शिकवलं होतं: मुलाचं लक्ष कुठंय ते बघा, त्याच्या मागे जा, थांबा. मुलं आपणहून जास्त संवाद साधू लागली.

आमच्याकडे भडंगाची बरणी होती. पारदर्शक, झाकण घट्ट. मुलगी ती आणून माझ्या मांडीत टाकायची. मी लगेच उघडायची नाही. तिच्या समोर खाली बसायची, बरणी माझ्या डोळ्यांपाशी धरायची आणि गप्प राहायची. नजर भिडली की "दे!" म्हणून झाकण उघडायचं, चारच दाणे द्यायचे, झाकण परत बंद. आठवडेच्या आठवडे काही घडलं नाही. मग एका दुपारी तिनंच झाकणावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. बोलणं त्यानंतर कितीतरी महिन्यांनी आलं.

भाच्याच्या चपला मोडू नका. बहिणीला त्याच्या शेजारी बसू दे, एकेक चप्पल त्याच्या हातात देऊ दे. पुढची चप्पल घ्यायला तो तिच्याकडे वळेल, तिथून सुरुवात होते. आणि सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नका. त्यांनाच बरणी धरायला सांगा, आज्यांना हे छान जमतं.

बहिणीचा नंबर मला वेगळ्या मेलनं पाठवा. शनिवारी तिथली सकाळ असताना मी फोन करते.

– राजारामपुरीची ताई