सरकारी विदा (डेटा): 'खुला' की 'मुक्त'? आणि मग 'परवाना' कशासाठी?

प्रश्न: एका लेखात मी 'सरकारी विदा पुनर्वापरासाठी परवान्यासह खुला करणे' असे लिहिले होते. संपादकांनी 'खुला'च्या जागी 'मुक्त' सुचवले आणि 'परवान्यासह' या शब्दावर प्रश्नचिन्ह काढले. परवाना लागत असेल तर ती वस्तू खुली कशी, असे त्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर: संपादकांची शंका रास्त आहे, पण तिचे मूळ 'परवाना' या शब्दाच्या आपल्या सवयीत आहे. मराठीत परवाना 'काढावा' लागतो, त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि मुदत संपली की नूतनीकरण करावे लागते. खुल्या विदाचा परवाना याच्या अगदी उलट असतो: कोणी मागण्याआधीच सर्वांना एकदम दिलेली ती लेखी परवानगी असते. ती द्यावी लागते, कारण भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार सरकारी कृतीचा (सरकारने तयार केलेल्या साहित्याचा) पहिला हक्कधारक, वेगळा करार नसल्यास, सरकारच असते आणि तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. नुसत्या आकड्यांवर कोणाचा हक्क नसला, तरी त्यांची निवड आणि मांडणी करून सिद्ध केलेल्या संकलनावर तो असू शकतो. समजा, पर्जन्यमानाचा तक्ता संकेतस्थळावर सर्वांना दिसतो आहे आणि त्याखाली 'सर्व हक्क राखीव' अशी ओळ आहे. तो वाचायला कोणाची हरकत नाही, पण तो जसाच्या तसा नकाशात किंवा पुस्तकात घेऊ पाहणाऱ्याची पंचाईत होते. ही अडचण दूर करण्यासाठीच भारत सरकारने २०१७ मध्ये खुल्या सरकारी विदाचा परवाना अधिसूचित केला. वापर, रूपांतर, प्रकाशन, भाषांतर हे सारे त्यात अनुज्ञेय आहे, व्यापारी कामासाठीसुद्धा. वैयक्तिक माहिती मात्र वगळलेली आहे. ब्रिटनने असा परवाना २०१० मध्येच आणला. अमेरिकेत संघीय शासनाच्या कृतींवर देशांतर्गत कॉपीराइटच नसल्यामुळे तिथे हा प्रश्न एरवी उद्भवत नाही.

'अनुज्ञप्ती' हा कायद्याच्या मराठीतला शब्द आहे खरा, पण अर्ज-शुल्काची छटा त्यालाही चिकटलेली आहेच. म्हणून 'परवाना' ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'सर्वांना आगाऊ दिलेला' असे विशेषण जोडावे.

दुसरे मत: 'परवाना' मान्य, 'मुक्त' सरसकट मान्य नाही. समासात नामानंतर आलेला 'मुक्त' हा शब्द 'रहित' असा अर्थ देतो: करमुक्त, व्यसनमुक्त. त्यामुळे 'विदामुक्त शासन' असे कोणी लिहिले, तर नेमका उलटा अर्थ होईल. शिवाय 'खुला' म्हणजे आत येण्यास मज्जाव नसलेला, आणि 'मुक्त' म्हणजे बंधन सुटलेला. खुल्या दालनातील वस्तू पाहता येते, पण ती उचलून नेण्याची मुभा त्यात आपोआप येत नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने अभिलेख पाहण्याचा आणि त्याची प्रत मिळवण्याचा हक्क दिला. ती प्रत पुढे कशी वापरायची, हे परवान्याने ठरते. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही टप्प्यांना एकच शब्द वापरला की पहिला टप्पा गाठूनच काम पुरे झाल्याचा समज होतो.

आणखी एक दुरुस्ती सुचवतो. या परवान्यांतील मुख्य अटीला, म्हणजे विदाचा स्रोत नमूद करण्याच्या अटीला, बरेच जण 'ऋणनिर्देश' म्हणतात. ऋणनिर्देश हा सौजन्याचा भाग आहे, तर ही अट बंधनकारक आहे. तिला 'श्रेयनिर्देश' म्हणावे.

'विदा'चे सामान्यरूप 'विद्याचा' न करता 'विदाचा' ठेवावे, नाहीतर वाचक 'विद्या' समजेल.

प्रश्नकर्ता: दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे: 'सरकारी विदा सर्वांसाठी खुला करणे आणि श्रेयनिर्देशाच्या अटीवर, सर्वांना आगाऊ दिलेल्या परवान्याने, तो पुनर्वापरासाठी मुक्त करणे.' वाक्य लांबले, पण संपादकांनी प्रश्नचिन्ह मागे घेतले आहे.