गुहागरच्या चिखल्याचा फोटो : किती क्रॉप करू?

संगमकाठ (कराड)
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो होतो. सकाळी किनाऱ्यावर छोट्या चिखल्यांचा (प्लोव्हर, काठावर पळणारे लहान पक्षी) थवा मिळाला. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), २४ मेगापिक्सेल, लेन्स ७०-३०० एमएमची. एक फ्रेम मला फार आवडली आहे. लाट नुकतीच मागे सरलीय, ओल्या वाळूत पक्ष्याचं अख्खं प्रतिबिंब पडलंय, एक पाय उचललेला, तोंड उजवीकडे. पण पक्षी मधोमध आहे आणि फ्रेमच्या रुंदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. शिवाय मागची समुद्राची रेघ नेमकी त्याच्या डोक्यातून जाते आणि थोडी कललेलीही आहे. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी १२ बाय १८ इंची प्रिंट हवी. घरचे म्हणतात, पक्षी मोठा कर, चोच दिसू दे. काय करू?

वाळवेकर
घरचे बरोबर बोलतायत की. पक्षी ओळखू यायचा तर चोचीची लांबी आणि छातीवरचा पट्टा दिसायलाच हवा. घट्ट क्रॉप मारा, पक्ष्याभोवतीचं सगळं कापून टाका.

स्टुडिओवाला_विटा
ओळख पटवायला घट्ट क्रॉपची वेगळी प्रत ठेवा, त्याला माझी ना नाही. भिंतीवर लावायला मात्र ती नको.

ताई, माझं रोजचं काम प्रिंट काढायचंच, म्हणून आधी हिशोब सांगतो. तुमची फाईल ६००० बाय ४०००. लांबी-रुंदी निम्मी केली की ३००० बाय २०००, म्हणजे ६ मेगापिक्सेल उरले. ३००० ला १८ इंचांनी भागा, इंचाला साधारण १६७ पिक्सेल पडतात. तीन-चार फुटांवरून बघायच्या प्रिंटला तेवढे पुरतात. त्याखाली गेलात तर नॉइज (फोटोतले दाणे) फुगतो आणि चोचीची कड वितळल्या मेणासारखी दिसायला लागते.

या निम्म्या क्रॉपमध्ये पक्षी रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढा येईल. माझ्या मते तो तेवढाच असावा. मुठीत मावेल एवढा जीव अरबी समुद्रासमोर पाय रोवून उभा आहे, तुमच्या फोटोत बघण्यासारखं तेच आहे. पक्ष्यानं फ्रेम भरून टाकली तर तो चिमणीएवढा की कोंबडीएवढा, हे बघणाऱ्याला कळायला मार्गच राहत नाही.

आधी रेघ सरळ करा, क्रॉप नंतर. दोन अंश फिरवलं तरी लांबी-रुंदीतले सुमारे पाच टक्के जातात, मोजून ठेवलेली जागा सगळी हलते. मग उजवीकडे वाळू जास्त सोडा. चिखल्या चार पावलं पळतो, थबकतो, टोच मारतो, परत पळतो. पाय उचललाय म्हणजे तो त्या बाजूला निघालाय. खाली प्रतिबिंबाचं डोकं पूर्ण येऊ द्या आणि त्याखाली अजून थोडी ओली वाळू ठेवा. पक्षी आणि प्रतिबिंब मिळून एकच आकार होतो, त्यामुळे पाय टेकतात ती जागा उभ्या अंगानं मधोमध आली तरी बिघडत नाही. इथं एक-तृतीयांशाचा नियम (विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवायचा) धरून बसू नका.

डोक्यातली रेघ क्रॉपनं जात नाही. समुद्राचं क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीला येतं. तुम्ही पोटावर झोपून कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणलात की रेघ डोळ्यातूनच जाणार. पुढच्या वेळी बॅगेवर टेकवून कॅमेरा वाळूपासून वीतभर वर ठेवा, रेघ डोक्याच्या बरीच वर सरकेल. आत्तासाठी त्याच बर्स्टमधल्या (एका दमात सलग काढलेल्या फोटोंमधल्या) पुढच्या-मागच्या फ्रेम तपासा. टोच मारायला तो वाकलेला असेल तर डोकं आपोआप रेघेच्या खाली गेलेलं सापडेल.

संगमकाठ (कराड)
सापडली! वाकलेला आहे आणि चोचीचं टोक प्रतिबिंबातल्या चोचीच्या टोकाला टेकायला केसभर अंतर उरलंय. रेघ पाठीच्या वर, स्वच्छ. हीच निम्म्यावर क्रॉप करून पाठवते. सरावासाठी दर वेळी घाट उतरणं होत नाही, आपल्याकडे कुठं जाऊ?

माणगंगा
खटाव तालुक्यात मायणी किंवा येरळवाडीच्या तलावावर. पाणी उतरून चिखलाचा काठ उघडा पडला की छोटा कंठेरी चिखल्या हमखास दिसतो, डोळ्याभोवती पिवळं कडं. हिवाळ्यात टिलवे आणि तुतवार हे काठावरचे पक्षीही असतात. सकाळी लवकर जा. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबून काढलेला फोटो कितीही महाग लेन्स असली तरी मऊच येतो; क्रॉप केल्यावर तर तो मऊपणा आणखी दिसतो. त्यामुळे पक्ष्यामागे जाऊ नका, एका जागी बसून राहा. किडे टिपत टिपत तोच जवळ येतो. ३०० एमएमवर दहा मीटरवर आला तर फ्रेमचा पाचवा हिस्सा भरतो, मग क्रॉपची फारशी गरजच उरत नाही.

मार्च ते मे मात्र जपून. कंठेरी चिखल्या उघड्या खड्यांतच अंडी घालतो आणि ती खड्यांसारखीच ठिपक्यांची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यापासून लांब जायला लागला तर घरटं जवळच आहे असं समजा. त्या दिवशी तिथं फोटो नको, आलात त्याच वाटेनं मागं फिरा.