हॉस्टेलचे रेक्टर, गृहपाल, मावशी – अनुभव सांगा

माझी बहीण परवा मुलींच्या सरकारी वसतिगृहावर गृहपाल म्हणून रुजू झाली, राहायचंही तिथंच. भाऊरावांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं हे शाळेत वाचलेलं, पण रोजचं नेमकं काय असतं? राहिलेल्यांनी लिहा, सांभाळलेल्यांनी तर लिहाच.

•

1998, पुणे. बादलीत कॉइल टाकून अंडी उकडत होतो, फ्यूज उडाला, अख्खा मजला अंधारात. सर लुंगीवरच टॉर्च घेऊन आले, कॉइल जप्त केली, अंडी मोजून परत दिली. अर्धी कच्ची होती.

•

आमच्या रेक्टरबाई घरून आलेली पत्रं फोडून वाचायच्या. वीस वर्षं झाली, अजून राग गेला नाही. सातला गेट बंद आणि लायब्ररी नऊपर्यंत, सांगा अभ्यास कधी करायचा.

•

पत्रांचं चूकच. पण गेटची वेळ बहुतेक ठिकाणी रेक्टर ठरवत नाही हो, वरून येते. माझी आई रेक्टर होती. आमचं क्वार्टर तळमजल्यावर, रात्री दोनला बेल वाजली की बाबा कूस बदलून म्हणायचे, तुझ्या पोरी आल्या.

•

मी आश्रमशाळेत अधीक्षिका होते, नंदुरबारकडे. दीडशे मुली अन् मी एकटी, मदतीला एक कामाठी बाई. दिवाळीची सुट्टी संपून मुली आल्या की पहिलीतल्यांची रडारड, आणि मागोमाग खरूज. एकीला औषध लावून काही होत नाही, सगळ्यांना एकाच दिवशी, गळ्यापासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यात सुद्धा, आणि त्याच दिवशी चादरी-कपडे उकळत्या पाण्यात. पहिल्या वर्षी मी फक्त खाजवणाऱ्यांनाच लावलं, महिनाभर तेच चालू. मलाही झाली.

•

ताई, बहिणीला अजून काय सांगू?

•

आईबापांचा नंबर तर घेच म्हणावं, पण गावातल्या दुकानदाराचा किंवा शेजाऱ्याचाही घे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की फोन लागत नाही, पोरगी इकडे तापाने फणफणलेली असते. आणि चाव्यांचा दुसरा जुडगा आजच करून ठेव, संडासची कडी आतून अडकते ती नेमकी रात्रीच.