मदत हवी आहे: आईची बायपास, डावखुऱ्या हाताची धमनी द्यावी का?

आईची (वय ६१) बायपास पुढच्या आठवड्यात आहे. तीन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणाऱ्या रक्तवाहिन्या, लागणार. पहिल्याबद्दल प्रश्नच नाही. छातीच्या आतली डावी मॅमरी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य वाहिनीला, एलएडीला, जोडणार. हा ग्राफ्ट १० वर्षांनंतरही ९० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत उघडा असतो, असं सर्जननी चित्र काढून समजावलं. घोडं अडलंय उरलेल्या दोनपाशी.

उजव्या पायाला व्हेरिकोज व्हेन्स आहेत, तो पाय बाद. डाव्या पायाची शीर डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) चांगली दिसली. पण शीर मुळात कमी दाबाची. धमनीच्या दाबाखाली तिची भिंत जाड होत जाते आणि १० वर्षांत जवळपास निम्मे शिरेचे ग्राफ्ट बंद पडतात. ६१ व्या वर्षी हे ऐकून पोटात गोळा आला. उजवी मॅमरी घ्या म्हटलं, तर आईला २० वर्षांचा मधुमेह, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.६. दोन्ही मॅमरी काढल्या की छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम चिघळण्याची भीती वाढते. ते पटलं.

राहिली हाताची रेडियल, म्हणजे मनगटात अंगठ्याच्या बाजूची धमनी. अँजिओग्राफी उजव्या मनगटातून झाली, आणि कॅथेटर गेलेल्या धमनीचं अस्तर दुखावलेलं असू शकतं, म्हणून ती नको. उरला डावा हात, आणि आई डावखुरी! चाळीस वर्षं शिवणकाम करतेय, अजूनही रोज मशीनवर बसते. दुसरी धमनी, अल्नर, एकटी पंजाला पुरते का ते ॲलन टेस्ट आणि डॉपलरने तपासलं, पुरते. पण अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा राहू शकतो म्हणाले. तेव्हापासून आई सारखी आपल्या हाताकडे बघत असते.

सर्जनचा बेत असा: बाजूच्या वाहिनीत ९० टक्के अडथळा आहे, तिथे रेडियल. उजव्या कोरोनरीत ७० टक्केच, तिथे शीर. कारण मूळ वाहिनीतून रक्त बऱ्यापैकी वाहत राहिलं तर रेडियल आक्रसून बंद पडू शकते.

डावखुऱ्या किंवा हाताने बारीक काम करणाऱ्या कोणाची रेडियल काढली आहे का? सुई धरता येते का? आणि दोन्हीकडे शीरच लावा असा आग्रह आम्ही धरला, तर आईचं नुकसान करतोय का?

प्रतिसाद:
ताई, माझ्या वडिलांची रेडियल सहा वर्षांपूर्वी काढली. अंगठ्याजवळ चार-पाच महिने मुंग्या होत्या, मग गेल्या. लिहिणं पहिल्यासारखं आहे. पण त्यांचा हात उजवा आणि काढली डावी, त्यामुळे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. धमनी आक्रसू नये म्हणून त्यांना काही महिने वेगळी गोळी होती, तिचं विचारून ठेवा. एक मात्र नक्की विचारा: आईची किडनी कशी आहे? इतक्या वर्षांच्या मधुमेहात पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिस्तुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) हातातच करतात, आणि तिथे हीच धमनी लागते.

दादा, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) १.१ आहे, पण लघवीतलं प्रोटीन गेल्या दोन वर्षांत तपासलेलंच नाही. उद्या सकाळी नमुना देतोय. रिपोर्ट घेऊनच सर्जनकडे जाईन, आणि आईलाही बरोबर नेईन. हात तिचा आहे.